यंत्रकक्षाचे नियोजन : कुंभकोणमच्या निमित्ताने

कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिराच्या समोरील सन्निधी मार्गावर ओसरी असलेले एक लहानसे कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या घरात गेले. कागद महाग असल्यामुळे ते पाटीवर गणिते करीत आणि फडके शोधण्यात वेळ दवडण्याऐवजी कोपरानेच पाटी पुसून टाकीत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पाटीला वीज लागत नाही, ती तापत नाही, आणि पावसाळ्यात दमट हवेने बिघडत नाही. १९१४ साली रामानुजन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात पाय या संख्येची किंमत काढण्याच्या ज्या श्रेणी होत्या, त्यांपैकी एकीचा उपयोग करून १९८५ साली विल्यम गॉस्पर या अमेरिकन गणितज्ञाने संगणकावर पायचे पावणेदोन कोटींहून अधिक अंक काढले. पुढे त्याच जातीची, अधिक वेगवान अशी श्रेणी चुड्‌नोव्स्की बंधूंनी शोधली आणि तिच्या साहाय्याने २०२२ साली १०० लाख कोटी अंक काढण्यात आले. या गणनेस सुमारे १५७ दिवस लागले.

आजच्या व्याख्यानाचा विषय ती श्रेणी नव्हे. विषय आहे तो त्या १५७ दिवसांचा. इतका काळ यंत्रे अहोरात्र चालू राहावयाची, तर त्यांना कोणीतरी सतत स्थिर वीज पुरविली पाहिजे, त्यांची उष्णता क्षणोक्षणी बाहेर काढली पाहिजे आणि त्यांच्याभोवतीची हवा बेताचीच दमट राहील अशी व्यवस्था केली पाहिजे. संगणकाविषयी बोलताना लोक यंत्राचा वेग आणि स्मरणशक्ती यांविषयी पुष्कळ बोलतात. ज्या खोलीत ते यंत्र ठेवावयाचे, त्या खोलीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. खोली बोलू लागते ती बिघडल्यावरच.

उदाहरणासाठी कुंभकोणमच का, असे कोणी विचारील. या विषयावरील बहुतेक मार्गदर्शक ग्रंथ थंड देशांत लिहिले गेले आहेत. तेथे बाहेरची हवा हा यंत्रकक्षाचा मित्र असतो. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या, भाताच्या खाचरांनी वेढलेल्या या गावात तो शत्रू आहे. शिवाय हे गाव संगणकाला परके नाही. १९०४ साली येथे स्थापन झालेली कुंभकोणम बँक १९८७ पासून सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्यालय अद्यापही याच गावात आहे. रामानुजन यांच्या नावाने चालणारे शास्त्र विद्यापीठाचे केंद्र येथे आहे आणि ज्या महाविद्यालयात त्यांची शिष्यवृत्ती गेली, ते शासकीय महाविद्यालयही येथेच आहे. मराठी वाचकास तर हा मुलूख आपलाच वाटावा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथील तंजावरी मराठी कुटुंबात झाला. जवळच तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील दप्तर आणि ताडपत्रे याच दमट हवेशी झगडत शतकानुशतके टिकून राहिली आहेत. त्यांना जपणाऱ्यांनी जो प्रश्न सोडविला, तोच वेगळ्या रूपात आपल्यापुढे आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब करू. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने परत देतो. गिरणीतील यंत्र काही विजेचे सूत कातते. संगणक मात्र, निष्पत्ती म्हणून ज्ञान देत असला तरी, भौतिक दृष्ट्या केवळ एक शेगडी असतो. मध्यम आकाराच्या एखाद्या केंद्रात सहा कपाटे आहेत आणि प्रत्येकातील यंत्रे ५ किलोवॉट वीज घेतात असे धरू. एकूण ३० किलोवॉट झाले. वातानुकूलनाचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता वाहून नेण्याची शक्ती. तेव्हा केवळ यंत्रांसाठीच साडेआठ टन हवेत. छपरातून येणारे ऊन, दिवे, माणसे आणि वीजयंत्रणेची स्वतःची उष्णता ही निराळीच. ही उष्णता हवेच्या वाटे काढावयाची आणि यंत्रातून जाताना हवा १० अंशांनी तापते असे मानले, तर दर किलोवॉटमागे तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा फिरली पाहिजे. सहा कपाटांसाठी हा आकडा ९,००० घनमीटर होतो. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा खोलीत २४० घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतील सर्व हवा दीड-पावणेदोन मिनिटांत एकदा यंत्रांतून फिरून आली पाहिजे.

या हिशेबातून एक अप्रिय निष्कर्ष निघतो. बाहेरची वीज गेली, यंत्रे बॅटरीवर चालू राहिली, परंतु वातानुकूलन बंद पडले, तर काय होईल? केवळ हवेचाच विचार केला, तर तिचे तापमान मिनिटाला सुमारे ६ अंशांनी वाढू लागेल. भिंती आणि लोखंडी कपाटे काही उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षातला वेग कमी असतो. पण वेळ मोजावयाचा तो मिनिटांतच, तासांत नव्हे. पुष्कळ केंद्रांत अर्धा तास पुरेल एवढ्या बॅटऱ्या मोठ्या अभिमानाने बसविल्या जातात आणि वातानुकूलन मात्र जनित्राच्या वाटेवर जोडलेलेच नसते. अशा ठिकाणी बॅटरी यंत्रांचे रक्षण करीत नाही. ती त्यांना अधिक वेळ भाजत ठेवते. जनित्र सुरू झाल्यावरही कॉम्प्रेसर लगेच चालू होत नाहीत, त्यांना काही मिनिटे विश्रांती द्यावी लागते. हा अवकाश नियोजनात धरलाच पाहिजे.

तापमान किती असावे याविषयी जुन्या पिढीत एक समजूत होती की, खोली जितकी थंड तितकी चांगली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या; तेव्हा थंडीचा आग्रह समजण्यासारखा होता. आजची यंत्रे इतकी नाजूक नाहीत. वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेने, जी ॲश्रे या नावाने ओळखली जाते, यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही मर्यादा सुचविली आहे. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात खोली १८ अंशांवर ठेवणे म्हणजे विजेच्या देयकावर पैसे उधळणे होय. यंत्रे २४-२५ अंशांवर सुखाने चालतात. मात्र मोजमाप यंत्राच्या तोंडाशी करावे, दाराजवळच्या भिंतीवर नव्हे.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. थंड पाण्याने भरलेला पितळी तांब्या येथील ओसरीवर ठेवला, तर काही क्षणांत त्याला घाम फुटतो. तीस अंश तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर ती पाणी सोडते. यंत्रकक्षातील हवेचा दवबिंदू १५ अंशांच्या वर जाऊ नये, अशी शिफारस आहे. म्हणजे दार जितक्या वेळा उघडेल, फटी जितक्या राहतील, तितक्या प्रमाणात आपण खोलीत वाफेच्या रूपाने पाणीच ओतत असतो. घरगुती वातानुकूलन यंत्र माणसांच्या सुखासाठी बनविलेले असते आणि त्याची शक्ती बऱ्याच अंशी हवेतील पाणी पिळून काढण्यात खर्च होते. यंत्रकक्षासाठी बनविलेले यंत्र मुख्यतः उष्णता काढते. म्हणून खोली प्रथम बंदिस्त करावी, दोन दारांची लहानशी ओवरी ठेवावी, भिंतींना बाष्परोधक लेप द्यावा आणि मगच यंत्राचा आकार ठरवावा. हा क्रम उलटा केला की, मोठे यंत्र आणूनही ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या काळात, खोली ओलसरच राहते. आणखी एक साधी गोष्ट : पिळून काढलेले पाणी ज्या नळीने बाहेर जाते, ती नळी वीजवाहिन्यांच्या वरून नेऊ नये. ही सूचना हास्यास्पद वाटेल. पण नळी तुंबल्यावर तिचे महत्त्व कळते.

हवेच्या वाटेविषयी थोडेच सांगणे पुरे. कपाटांच्या रांगा समोरासमोर ठेवून थंड हवेची एक गल्ली आणि गरम हवेची दुसरी गल्ली करण्याची पद्धत १९९० नंतर रूढ झाली आणि तिच्याहून स्वस्त सुधारणा आजवर सुचलेली नाही. कपाटातील रिकामे खण पत्र्याने झाकावेत, एवढे केले तरी गरम हवा मागून पुढे येत नाही. मांडणीला नेहमी सरळ रेषाच हवी असेही नाही. पुण्यात टाटा समूहाच्या संगणकीय संशोधन प्रयोगशाळेत उभारलेला एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. त्याची कपाटे जवळजवळ वर्तुळाकार मांडली होती, कारण त्यामुळे यंत्रांमधील तारांची लांबी कमी होत होती. उंचावलेल्या जमिनीखालून हवा सोडण्याची पद्धत चांगली, परंतु त्याच पोकळीत वर्षानुवर्षे तारा साठत जातात. मृत तारा कापण्याचे धाडस कोणी करीत नाही, कारण त्यांतील जिवंत कोणती याची नोंद नसते. हवा तेथेच अडते.

विजेकडे वळू. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज हे चक्रीवादळ नागपट्टणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात विजेचे एक लाखाहून अधिक खांब कोसळले. कित्येक गावांत अनेक दिवस अंधार होता. या भागात यंत्रकक्ष योजणाऱ्याने तासाभराच्या नव्हे, दिवसांच्या खंडाचा विचार केला पाहिजे. वर सांगितलेल्या ३० किलोवॉटच्या केंद्राला वातानुकूलन व इतर खर्च धरून ५० किलोवॉट लागतील. डिझेलच्या एका लिटरमधून जनित्र सव्वातीन-साडेतीन एकक वीज देते. तेव्हा तासाला सुमारे १५ लिटर आणि तीन दिवसांना हजाराहून अधिक लिटर इंधन हवे. एवढे इंधन कोठे ठेवणार, पुराच्या पातळीच्या वर ठेवणार काय, रस्ते बंद झाले तर आणणार कोण, हे प्रश्न जनित्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत. निविदेत मात्र किंमतच विचारली जाते.

बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की ते निम्मे होते. जिन्याखालच्या कोंदट खोलीत ठेवलेली दहा वर्षांची बॅटरी पाच वर्षांतच मरते, आणि तिच्या मृत्यूची वार्ता ज्या रात्री वीज जाते त्या रात्रीच लागते. भूसंपर्काच्या बाबतीत या गावाची काळी, ओली माती अनुकूल आहे. तरी दरवर्षी मोजणी चुकवू नये.

आता जुन्या केंद्राच्या विस्ताराचा प्रश्न. नवी खोली बांधणे त्या मानाने सोपे. चालत्या खोलीचा कायापालट करणे कठीण. पूर्वी बँकेच्या संगणकाला रात्र असे. सायंकाळी हिशेब मिटले की पहाटेपर्यंत दुरुस्ती करता येई. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस या रक्कम पाठविण्याच्या दोन्ही व्यवस्था अहोरात्र चालू झाल्या; मोबाइलवरून होणाऱ्या देवघेवीला तर रविवारही नाही. भाजीवालीसुद्धा आता पहाटे बाजारात पैसे याच वाटेने घेते. तेव्हा यंत्रकक्षाची रात्र संपली, असेच म्हटले पाहिजे.

यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र वाटा. प्रत्येक सर्व्हरला विजेच्या दोन दोऱ्या असाव्यात. एक एका यूपीएसकडे, दुसरी दुसऱ्याकडे. जुना यूपीएस बदलावयाचा असेल, तेव्हा भार दुसऱ्या वाटेवर राहतो आणि काम दिवसाही करता येते. परंतु येथे एक सापळा आहे. दोन्ही वाटा ६० टक्के भरलेल्या असल्या, तर एक बंद पडताच दुसरीवर १२० टक्के भार येतो आणि तीही तुटते; मग दोन वाटांचा खर्च करून एका वाटेइतकीही शाश्वती उरत नाही. म्हणून प्रत्येक वाट ४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. हा नियम पहिल्या वर्षी सर्वांना पाठ असतो. तिसऱ्या वर्षी कोणीतरी एक नवे कपाट आणून मोकळ्या दिसणाऱ्या प्लगला जोडतो. अशा वेळी आकडे पाहून समाधान मानू नये. महिन्यातून एकदा मुख्य वीज खरोखर बंद करून पाहावी. ज्या केंद्रात हे करण्यास अधिकारी कचरतात, तेथे परिणाम काय होईल हे त्यांना मनातून ठाऊक असते.

किती शाश्वती हवी हाही विचार करावा. अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या वर्गीकरणाशी जोडून जे आकडे सांगितले जातात, त्यांप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या केंद्रात वर्षाला सुमारे २९ तास खंड पडतो, तर तिसऱ्या श्रेणीत सुमारे दीड तास. महाविद्यालयाला पहिली श्रेणी पुरते. परीक्षेचा निकाल एक दिवस उशिरा लागला तरी कोणाचे अन्न जात नाही. बँकेचे तसे नाही. परंतु तिसऱ्या श्रेणीचा मान मिळविण्यासाठी धडपडणारी केंद्रे रात्रपाळीवर एकच अप्रशिक्षित माणूस ठेवतात, हेही पाहण्यात येते. त्या माणसाला जनित्र हाताने कसे सुरू करावे हे माहीत नसेल, तर श्रेणीचे प्रमाणपत्र भिंतीवरच राहते.

विस्ताराचे वेळापत्रक आखताना कुंभकोणमकरांजवळ एक सोयीचे माप आहे. येथील महामहम उत्सव बारा वर्षांनी येतो; मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली येईल. दोन महामहमांच्या दरम्यान संगणक दोनदा बदलतात, बॅटऱ्या दोन-तीनदा, यूपीएस आणि वातानुकूलन एकदा. इमारत मात्र तशीच राहते. म्हणून जे वारंवार बदलते, त्याला आज पुरेल एवढेच घ्यावे. जे बदलत नाही, म्हणजे जमिनीची भारवहनशक्ती, दारांची रुंदी, वीजवाहिन्यांचे मार्ग, नव्या पॅनेलसाठी मोकळी भिंत, ते मात्र सढळ हाताने योजावे. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते. दहा वर्षांनी लागतील म्हणून संगणक आजच घेतले जातात आणि हजार किलोचे भरलेले कपाट दारातून आत येत नाही म्हणून भिंत फोडावी लागते.

आगीविषयी या गावात बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. १६ जुलै २००४ रोजी येथील एका शाळेत स्वयंपाकघराच्या गवती छपराला लागलेली आग वर्गांवर पसरली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या आगीचा संगणकाशी काही संबंध नव्हता. पण इमारत वापरणाऱ्यांना बाहेर पडण्याची वाट, हा प्रश्न सर्व इमारतींना सारखाच आहे आणि यंत्रकक्षात तो विशेष तीव्र होतो, कारण तेथे आग विझविण्याचे साधनच माणसाला मारू शकते. आग विझविण्याइतका कार्बन डाय-ऑक्साइड बंद खोलीत सोडला, तर आतला माणूस जगत नाही. पूर्वी वापरला जाणारा हॅलॉन वायू माणसाला त्या मानाने निरुपद्रवी होता, परंतु १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या रक्षणासाठी त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले. त्याची जागा आता इतर वायूंनी घेतली आहे. कोणताही वायू निवडला तरी सोडण्यापूर्वी इशारा आणि बाहेर पडण्यापुरता अवधी असावा, दार बाहेरच्या बाजूला उघडावे, आणि चोरीच्या भीतीने ते आतून कुलूपबंद होणार नाही याची खबरदारी घ्यावी. पुठ्ठ्याची रिकामी खोकी यंत्रकक्षात ठेवण्याची आपली सार्वत्रिक सवय मोडणे हे या सर्वांहून अवघड काम आहे.

शेवटी एका लहानशा यंत्राविषयी. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सिटी युनियन बँकेत परदेशी रकमांच्या स्विफ्ट यंत्रणेला जोडलेला मुद्रक चालेनासा झाला. मुद्रक बंद पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब जुळविताना कर्मचाऱ्यांना बँकेने न पाठविलेले तीन व्यवहार आढळले : पाच लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे दुबईकडे, तीन लाख युरो फ्रँकफर्टमार्गे तुर्कस्तानकडे आणि दहा लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे चीनकडे निघालेले होते. पहिले दोन थोपविता आले. चोरांनी मुद्रक मुद्दाम निकामी केला होता, हे नंतर स्पष्ट झाले. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, ढाक्यात बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेव्हाही सकाळी कर्मचाऱ्यांना मुद्रकाच्या पेटीत कागद आढळले नव्हते, आणि तेथेही तो नेहमीचा बिघाड समजला गेला होता. कुंभकोणमच्या बँकेने दुसऱ्याच दिवशी हिशेब जुळविला, म्हणून तिची हानी मर्यादित राहिली.

कोट्यवधी रुपयांच्या यंत्रकक्षात हा काही हजारांचा मुद्रक म्हणजे चोराला सहज खोडता न येणारी एकमेव वही होती. आराखड्यात तिच्यासाठी कोपऱ्यातला एक साधा प्लग दाखविलेला असतो आणि तो पुष्कळदा यूपीएसच्या वाटेवर जोडलेलाही नसतो.